हेड गॅस्केट बदललं आणि इंजिन बिघडलं: दोष कुठून शोधायचा?

दोन-तीन दिवस खपून हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवलं, फेसिंग करून (खालची बाजू घासून सपाट करून) आणलं, हेड आणि ब्लॉक (खालचा सिलिंडरांचा भाग) यांच्या मधलं नवं गॅस्केट टाकून सगळं परत चढवलं. किल्ली फिरवली आणि इंजिन उठेचना. किंवा उठलं, पण थरथरायला लागलं. किंवा दोन दिवस गुण्यागोविंदाने चाललं आणि तिसऱ्या दिवशी तापमानाचा काटा लाल रेघेवर. अशा वेळी पहिला संशय जातो तो गॅस्केटवर. मी स्वतः याच समजुतीपायी एकदा चांगलं बसलेलं हेड पुन्हा उतरवलंय. गॅस्केट खणखणीत होतं, दोष निघाला टायमिंग बेल्टच्या (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा दात्यांचा पट्टा) एका दातात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हेड खोलताना इंजिनाचा केवढा तरी पसारा आपण हलवलेला असतो. टायमिंग, इंधनाच्या नळ्या, सेन्सरचे कनेक्टर, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पाइप, दोन्ही मॅनिफोल्ड (हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या). त्यामुळे नवा दोष बहुधा आपले हात लागले तिथेच कुठेतरी असतो. खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासण्यांपासून खर्चिक तपासण्यांकडे जातो, आणि हेड पुन्हा उतरवणं सगळ्यात शेवटी येतं. मी पेट्रोल इंजिन डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. डिझेलचं वेगळं असेल तिथे तसं सांगेन.

पाना उचलण्याआधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न, बिघाड नेमका कधी दिसला? पहिल्याच सेल्फला इंजिन उठलं नाही, तर टायमिंग, वायरिंग, इंधन किंवा सिलिंडरमध्ये सांडलेलं पाणी बघा. सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत तापलं, तर कूलंटमध्ये हवा अडकली असण्याची शक्यता जास्त. काही दिवस नीट चालून मग पाणी कमी व्हायला लागलं, तर मात्र गॅस्केट, हेडची सपाटी आणि बोल्टची पकड यांच्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न, जुनं गॅस्केट गेलं कशाने? ते आपणहून क्वचितच जातं. रेडिएटर तुंबलेला असतो, पंखा फिरत नसतो, वॉटर पंप झिजलेला असतो किंवा थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारी झडप) बंद स्थितीत अडकलेला असतो. इंजिन तापतं आणि मग गॅस्केट हार मानतं. ते मूळ कारण तसंच ठेवून नवं गॅस्केट बसवलं असेल, तर तेही त्याच वाटेने जाणार. शिवाय जबर तापलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा मऊ पडलेल्या असू शकतात. म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) आधीच गेलेलं होतं, फक्त कुणी मोजलं नव्हतं.

पायरी १: सेल्फ मारणं थांबवा, इंजिन हाताने फिरवा

इंजिन उठत नाही म्हणून सेल्फवर सेल्फ मारत बसण्याने छोटा दोष मोठा होतो. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. टायमिंग चुकलं असेल तर ते एकमेकांवर आपटतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर त्याहून वाईट. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

म्हणून सगळे प्लग काढा (डिझेलला ग्लो प्लग), क्रँकच्या (पिस्टनना जोडलेला मुख्य दांडा) पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने सावकाश पूर्ण दोन फेरे द्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक होतो. एकाच फेऱ्यावर थांबलात तर अर्धी गोष्ट बघायची राहून जाते.

मध्येच ‘ठक्’ होऊन अडलं तर जोर लावू नका. हाताला लागणारा तो कडक थांबा म्हणजे बहुधा पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह. सरळ पायरी ४ वर जा.

कुठे अडत नाही, पण फिरवायला सगळीकडे सारखंच जड जातंय, असं असेल तर कॅमशाफ्टकडे बघा. तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड धनुष्यासारखं वाकतं. फेसिंगवाला खालची बाजू सपाट करून देतो, पण वर कॅमची घरं त्याच वाकलेल्या रेषेत राहतात आणि कॅम त्यांत आवळला जातो. दुसरं कारण आपलंच. कॅमच्या बेअरिंग कॅपवर क्रमांक आणि दिशेचा बाण असतो. त्यांची अदलाबदल झाली तरी कॅम धरतो, आणि तशीच गाडी चालवली तर तुटतो. बेल्ट किंवा चेन उतरवलेली असताना कॅम मोकळा फिरतो का, हे जोडणीच्या वेळीच बघून ठेवलं तर हा सगळा व्याप वाचतो.

प्लगच्या भोकातून पाणी आलं तर लगेच घाबरू नका. हेड उचलताना कूलंट सिलिंडरमध्ये सांडतंच. इग्निशन (प्लगची ठिणगी) आणि इंधन बंद करा, प्लग काढलेलेच ठेवा, बाजूला उभे राहा आणि दोन-चार सेकंद सेल्फ मारून पाणी बाहेर उडवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा पाणी दिसलं, तर गळती चालू आहे असं समजा.

पायरी २: सेल्फचा ठेका ऐका

प्लग परत लावून थोडाच वेळ सेल्फ मारा आणि कान द्या. धडधाकट इंजिन एका ठेक्यात ‘घुर्र-घुर्र-घुर्र’ करतं. ओझंच नसल्यासारखं सुसाट फिरलं, तर कुठल्याच सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही. म्हणजे टायमिंग चुकलंय किंवा व्हॉल्व्ह बंद होत नाहीत. ठेक्यात एकच मात्रा चुकत असेल तर दोष एका सिलिंडरपुरता. नुसतं ‘टक्’ होऊन गप्प बसलं, तर बॅटरी आणि अर्थिंगची पट्टी बघा. इंजिनावरून बॉडीला जाणारी ती पट्टी हेड काढताना सुटते आणि परत लावायची हमखास विसरते.

पायरी ३: जे आपण सोडवलं ते सगळं

टॉर्च घ्या आणि इंजिनाभोवती एक फेरी मारा. कॅम सेन्सर, क्रँक सेन्सर, इंजेक्टर, कॉइल यांचे कनेक्टर ‘क्लिक’ होऊन बसलेत का? एकसारख्या दिसणाऱ्या दोन कनेक्टरची अदलाबदल तर नाही झाली? प्लगच्या वायरी क्रमाने आहेत का? चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो, पण सगळ्यांचा नाही, तेव्हा आपल्या इंजिनाच्या पुस्तकातच बघा. इंधनाची नळी सोडवली होती तर तिच्यात हवा असणार. किल्ली चार-पाच वेळा नुसती चालू-बंद करून पंपाला दाब धरू द्या. डिझेलला फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढावी लागते. कॉमन रेल डिझेलच्या उच्च दाबाच्या नळ्या मात्र चालत्या इंजिनावर कधीही सैल करू नका. तिथला दाब १००० बारच्याही (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) वर जातो आणि तो फवारा कातडीत घुसतो.

इंजिन चालू आहे, पण आयडलिंगला वर-खाली होतंय आणि कुठूनतरी ‘सुस्स’ आवाज येतोय? इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा व्हॅक्यूमचा एखादा बारीक पाइप बघा. आणि इनटेकच्या तोंडात कोंबलेली चिंधी! कचरा आत जाऊ नये म्हणून आपणच ती ठेवतो. मी ठेवलेल्या चिंध्या मोजतो, एवढंच सांगतो. हे शहाणपण कसं आलं ते विचारू नका.

स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) मिळाला तर इथेच लावा. पी०३४० म्हणजे कॅम सेन्सरच्या सर्किटची तक्रार. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ नाही, तिथे टायमिंगवर संशय घ्या. पी०३०० म्हणजे मिसिंग (सिलिंडर नीट पेट न घेणं), पण एका सिलिंडरला न चिकटणारं. पी०३०१, पी०३०२ यांत शेवटचा आकडा सिलिंडरचा.

पायरी ४: टायमिंग

वरचं कव्हर काढा, पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि क्रँक व कॅमच्या खुणा जुळतात का ते पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघा. नजरेचा अंदाज इथे चालत नाही. क्रँकच्या चाकाला २० दाते असतील, तर एक दात चुकणं म्हणजे तब्बल १८ अंशांचा फरक. एवढ्यावर कधीकधी इंजिन चालूही होतं, पण मरगळलेलं, ताकद नसलेलं. मग आपण इंधन आणि सेन्सर यांच्या मागे धावत बसतो.

टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) सोडला तेव्हा बेल्टची ढिली बाजू नेमकी दोन चाकांच्या मध्ये राहिली, तर खुणा पहिल्यांदा जुळलेल्या दिसतात आणि दोन फेऱ्यांनंतर सरकतात. म्हणून जुळवल्यावर दोन फेरे हाताने फिरवा आणि पुन्हा बघा. खुणा चुकलेल्या सापडल्या तर दुरुस्त करा, पण लगेच खूश होऊन किल्ली फिरवू नका. चुकीच्या टायमिंगवर सेल्फ मारून झाला असेल, तर व्हॉल्व्ह वाकलेत का हे पुढच्या पायरीतच कळणार.

पायरी ५: कॉम्प्रेशन मोजा

या सगळ्या शोधातली सर्वात उपयोगी तपासणी हीच, आणि नवशिके नेमकी हीच टाळतात. इंजिन शक्य असेल तर कोमट असावं, बॅटरी पूर्ण चार्ज असावी. सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. तो दाबला नाही तर आत हवाच पुरेशी जात नाही आणि आकडे उगाच कमी येतात. गेज लावून प्रत्येक सिलिंडरला सारखेच, चार ते सहा ठोके द्या आणि आकडे कागदावर लिहा. नवे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पेडल दाबूनही सेल्फच्या वेळी बरेचदा उघडत नाहीत. तिथे काय करायचं ते त्या गाडीच्या पुस्तकात बघा.

चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार मिळतात. डिझेलला याच्या दुपटीहून जास्त, म्हणून पेट्रोलचं गेज डिझेलला लावू नका. पण एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत जास्त बोलते. १० ते १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालून जातो.

आता आकडे वाचायचे. समजा चार सिलिंडरना १२, १२, ५ आणि ५ आले. शेजारचे दोघं एकदम पडलेत, म्हणजे त्यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट फुटलंय किंवा तिथे हेड सपाट नाही. १२, १२, ० आणि १२ आले, तर वाकलेला व्हॉल्व्ह. सगळेच सारखे कमी, ७-७-७-७, तर टायमिंग पुन्हा बघा. तेही बरोबर असेल तर रिंगांचा विचार करा. रिंगा की व्हॉल्व्ह हे ओळखायला कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइल तात्पुरती फट भरतं. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

ज्या इंजिनांत व्हॉल्व्हचा गाळा (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट) शिम (बारीक चकती) किंवा स्क्रूने ठेवतात, तिथे आणखी एक गोष्ट. हेडवर व्हॉल्व्ह घासून बसवले की ते किंचित वर येतात आणि गाळा संपतो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि दोष गॅस्केटच्या माथी बसतो. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गाळा मोजायला फार तर अर्धा तास लागतो.

पायरी ६: हवा भरून गळती ऐका

कॉम्प्रेशन कमी आहे एवढं कळलं, पण हवा जाते कुठे? लीक-डाउन टेस्टर (हवेची गळती मोजणारं यंत्र) नसेल तर प्लगच्या भोकात बसणारा ॲडॅप्टर आणि कॉम्प्रेसर पुरे. तो पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, अशा जागी आणा. क्रँकवरचा पाना आठवणीने काढून घ्या, कारण हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरू शकतो आणि पाना हातावर बसतो. मग हळूहळू दाब वाढवा.

इनटेकमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून थोडी हवा नेहमीच येते, जोरात आली तर रिंगा. शेजारच्या प्लगच्या भोकातून आली किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तरच गॅस्केट किंवा हेडची चीर.

पायरी ७: इंजिन चालतं, पण तापतं किंवा पाणी खातं

आधी हवा काढा. कूलंट रिकामं करून भरलं की हेडच्या वरच्या भागात हवा अडकते. तिथे पाणी पोचत नाही आणि काटा झपकन चढतो, तर कधी सेन्सरच हवेत राहतो आणि इंजिन तापूनही काटा खालीच दिसतो. इंजिन गरम दाखवतंय आणि केबिनचा हीटर मात्र गार हवा फेकतोय, ही हवा अडकल्याची नाहीतर कूलंट कमी असल्याची जवळजवळ खात्रीची खूण. थंड इंजिनावर गाडीचं तोंड थोडं वर राहील अशी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा आणि सावकाश भरा. थर्मोस्टॅट उघडून रेडिएटरचा पंखा एक-दोनदा लागेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, मग पातळी बघा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. हवेच्या दाबाहून १ बार जादा दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण निघालं की त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येतं.

हवा काढूनही तापत असेल, तर एक बिनपैशाची तपासणी आहे. सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होज पाइप दाबून बघा. मिनिटभरातच, पाणी कोमटही झालेलं नसताना तो दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधल्या गॅसचा आहे. खात्रीसाठी रंग बदलणाऱ्या द्रवाचा टेस्टर वापरा. रेडिएटरच्या तोंडावर तो धरायचा. निळा द्रव पिवळा झाला की कूलंटमध्ये जळलेला गॅस येतोय.

बाहेरची गळती बघायला कूलिंगचा प्रेशर टेस्टर लावा. झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढाच दाब द्या आणि १५-२० मिनिटं थांबा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर प्लग काढून सिलिंडरमध्ये टॉर्च मारा. ज्या पिस्टनचं डोकं धुतल्यासारखं स्वच्छ दिसेल तिथे पाणी येतंय.

पांढऱ्या धुराबद्दल थोडं. जुनं गॅस्केट फुटलेलं असताना कूलंट एक्झॉस्टमध्ये साचलेलं असतं, ते जळून संपेपर्यंत धूर येतो. पंधरा-वीस मिनिटं नीट गाडी चालवल्यावर तो थांबायला हवा. न थांबता गोडसर वासाचा येतच राहिला, तर वरच्या तपासण्या करा. निळसर धूर असेल तर व्हॉल्व्हच्या सीलकडे बघा.

पायरी ८: ऑइल आणि खालचा आवाज

डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखा रंग दिसला, तर आधी एवढंच विचारा, कामानंतर ऑइल बदललं होतं का? हेड उचलताना सांडलेलं कूलंट संपमध्ये (खालच्या ऑइलच्या भांड्यात) जातं. ऑइल आणि फिल्टर बदलून थोडं चालवा. पुन्हा दुधाळ झालं किंवा डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढली, तर गळती आतून आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून ड्रेन बोल्ट किंचित सैल केला की पाणी आधी येतं, ते ऑइलपेक्षा जड असतं.

हेडवर पहिली काही मिनिटं टिकटिक ऐकू आली तर हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हचा गाळा आपोआप भरून काढणारे भाग) रिकामे झालेले असतात, भरले की गप्प होतात. गप्प होत नसतील तर ऑइल वर पोचतंय का बघा. गॅस्केट उलटं बसलं किंवा सीलंट जास्त लागलं, तर हेडला ऑइल नेणारं भोक बंद होतं.

खालून जड ‘डग-डग’ आली आणि ऑइलचा दिवा मिणमिणला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. पाणीमिश्रित ऑइलवर चाललेली बेअरिंग टिकत नाहीत. दुसरं कारण जास्त चीड आणणारं. जुनं गॅस्केट खरवडायला ड्रिलवर घासणारी चकती लावली, तर तिची बारीक कुरुंदासारखी पूड ऑइलच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चकाकणारे कण दिसले तर हेड राहू द्या, खालचा भाग उघडावा लागेल.

पायरी ९: उतरवायचंच ठरलं तर

बोल्ट सैल करताना प्रत्येकाचा जोर हाताला जाणवू द्या. एखादा सहज सुटला तर तिथली खूण करून ठेवा. गॅस्केट लगेच फेकू नका, दोन्ही बाजूंनी वाचा. काळपट वाट कुठून कुठे गेलीय? सिलिंडरभोवतीच्या कड्याचा ठसा सगळीकडे सारखा उमटलाय, की एका बाजूला फिका? फिका ठसा म्हणजे तिथे दाब कमी पडला.

मग बोल्टची भोकं. ती बहुतेक तळाशी बंद असतात. आत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट त्या द्रवावर अडतो, टॉर्क पाना (ठरलेला जोर झाला की सांगणारा) ‘झालं’ म्हणतो आणि हेड मात्र आवळलेलंच नसतं. कधी तर ब्लॉकला चीर जाते. भोकं हवेने साफ करा, डोळ्याला चष्मा लावून. ताणून आवळायचे बोल्ट, म्हणजे ज्यांना टॉर्कनंतर ९० अंश, पुन्हा ९० अंश असं फिरवायला सांगितलेलं असतं, ते बहुतेक कंपन्या एकदाच वापरायला सांगतात.

सपाटी हेड आणि ब्लॉक दोन्हींची मोजा. स्ट्रेट एज (तंतोतंत सरळ पट्टी) उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांत ठेवून फिलर गेज घालायचं. बऱ्याच इंजिनांची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा पुस्तकात मिळेल. फेसिंग करून आणलेल्या हेडकडे सगळे बघतात, ब्लॉकला कुणी हात लावत नाही, आणि दुसऱ्यांदा गॅस्केट जाण्याचं कारण अनेकदा तिथेच असतं. हेड जबर तापलं होतं तर चिरेसाठी दाबाखाली तपासून घ्या. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट पसरतं, त्यामुळे ओढाताण हेडलाच सोसावी लागते आणि चीर बहुधा दोन व्हॉल्व्हच्या मध्ये सापडते. डिझेलला गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर ठरते. गॅस्केटच्या कडेच्या, जाडी दाखवणाऱ्या खाचा किंवा भोकं जुन्याशी ताडून बघा.

परत जोडून झालं की प्लग न लावता, इंधन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा-थोडा सेल्फ मारा. मग प्लग लावून इंजिन सुरू करा आणि पहिली वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवून, काट्यावर नजर ठेवून तिथेच उभे राहा.